परमिशन दिलीये की!

वेबसाइट बंद पडली तर सगळं ऑफिस धावून येतं. वेबसाइट उघडतेय, लॉगिन होतंय, फक्त फाइल तेवढी सेव्ह होत नाहीये, अशा वेळी मात्र कुणी फिरकत नाही. सगळ्यांचं मत एकच: तुमच्याकडेच काहीतरी असेल.

आमच्याकडे प्रवासखर्चाची बिलं एका अंतर्गत साइटवर अपलोड करावी लागतात. ती वेब सर्व्हरच्याच सी ड्राइव्हवर साठत होती. ड्राइव्ह भरत आला, पट्टी लाल झाली आणि वरून आदेश आला की यापुढे बिलं फाइल सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवावीत. आदेश एका ओळीचा होता. ज्याला तो पाळायचा नसतो, तो आदेश एका ओळीतच बसवतो.

साइट ज्या व्हेंडरने बनवली त्याचा पोरगा आला. त्याने सर्व्हरवर तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केला, सेटिंगमध्ये झेड लिहिला, आमच्या मामांच्या हातचा चहा घेतला आणि गेला. स्क्रीनवर झेड ड्राइव्ह ठसठशीत दिसत होता. साइट म्हणत होती, असा पाथच सापडत नाही. दोघंही खरंच बोलत होते. मॅप केलेला ड्राइव्ह हा ज्याने लॉगिन करून मॅप केला त्याच्या सेशनपुरताच असतो. साइट चालवणारा विंडोजचा वेब सर्व्हर म्हणजे आयआयएस. ही पडद्यामागे चालणारी सर्व्हिस, तिचं सेशन वेगळं. तिच्या जगात बाराखडी सी-डीपाशीच संपते.

मग झेड काढून दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ लिहिला. आता नवीन एरर आला: ॲक्सेस डिनाइड. मी खूश झालो. बायकोला फोनवर सांगितलंसुद्धा की काम पुढे सरकलं. ‘म्हणजे चालू झालं?’ ‘नाही, पण आता वेगळ्या कारणाने बंद आहे.’ तिने फोन ठेवला. या धंद्यातला आनंद घरच्यांना समजावता येत नाही.

एररसोबत ०एक्स८००७०००५ असं एक लांबलचक प्रकरणही असतं. त्याला घाबरून जायचं कारण नाही. त्यातला शेवटचा ५ तेवढा पाहायचा. विंडोजच्या पोटात २ म्हणजे फाइल नाही, ३ म्हणजे पाथ नाही, ५३ म्हणजे नेटवर्कवर ते मशीनच दिसत नाही आणि ५ म्हणजे सगळं आहे, पण तुमच्यासाठी नाही.

नेटवर्कवाल्या सरांना फोन लावला.

‘सर, शेअरवर लिहिता येत नाहीये.’

‘परमिशन दिलीये की!’

‘कुणाला दिलीत?’

‘तुम्हालाच. आत्ता मी स्वतः फाइल बनवून बघितली. झकास होतेय.’

सर फाइल बनवत होते, पण फाइल सर्व्हरवरच बसून. शेअर्ड फोल्डरला दोन पहारे असतात: सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि फ्लॅटचं लॅच. शेअर परमिशन हा वॉचमन, एनटीएफएस परमिशन, म्हणजे डिस्कवर त्या फोल्डरलाच लावलेली परमिशन, हे लॅच. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावे लागतात आणि दोघांतला जो जास्त कडक त्याचं चालतं. वॉचमनने सलाम ठोकला म्हणून लॅच उघडत नाही, आणि खिशात किल्ली असली तरी रजिस्टरमध्ये नाव नाही म्हणून वॉचमन गेटवरच ताटकळत ठेवतो. सर मात्र आधीच आत सोफ्यावर बसलेले. त्याच मशीनवर लॉगिन करून फोल्डर थेट ड्राइव्हमधून उघडला, की शेअर परमिशन कुणी विचारतच नाही. हे सरांना सांगितल्यावर ते म्हणाले, ‘पण होतंय ना?’

एवढ्यात साहेब डोकावले. साहेबांना तांत्रिक तपशील नको असतात, उपाय हवा असतो आणि तो त्यांच्याकडे तयार असतो. ‘सगळ्यांनाच देऊन टाका ना परमिशन!’ विंडोजमध्ये याला ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ म्हणतात, लिनक्सवाले ७७७ म्हणतात. दोन्हीकडे हा मंत्र दमलेल्या माणसाच्या तोंडून रात्री नऊनंतर बाहेर पडतो. त्याच फोल्डरच्या शेजारी पगाराच्या शीट्स आहेत, एवढंच मी हळूच बोललो. साहेब पुन्हा केबिनमध्ये. सरांनी तोपर्यंत शेअरच्या टॅबवर एव्हरीवन टाकूनही दिलं होतं. त्याने वॉचमन झोपला. लॅच जिथल्या तिथे.

माझ्या मशीनवरून तोच फोल्डर उघडला तर मला त्यात फाइल बनवता येत होती, पुसताही येत होती. ‘माझ्याकडून होतंय’ ही जगातली सर्वांत फसवी चाचणी आहे, कारण परमिशन माझ्या नावावर होती आणि फाइल लिहिणार होती वेबसाइट. वेबसाइट म्हणजे मी नव्हे. मग वेबसाइट कोण?

हा प्रश्न ऑफिसात कुणालाच पडत नाही. परमिशन दिली का, हे सगळे विचारतात. कुणाला, हे विचारणारा खुसपटं काढणारा ठरतो. विंडोज सर्व्हर २००८ आर२पासून आयआयएसमधला प्रत्येक ॲप्लिकेशन पूल, म्हणजे साइट ज्यात चालते तो कप्पा, आपोआप स्वतःच्या नावाच्या एका आभासी खात्याखाली चालतो. पण हे नाव घरगुती. त्या मशीनच्या बाहेर ते कुणालाच ठाऊक नसतं. नेटवर्कवर पाऊल टाकताना साइट ते नाव घरी ठेवते आणि मशीनच्या नावाने जाते, शेवटी डॉलरचं चिन्ह लावून. आमच्या सर्व्हरचं नाव वेब०१. म्हणजे फाइल सर्व्हरच्या दारात उभा राहणारा इसम होता ‘वेब०१$’, आणि त्याला परमिशन द्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सरांना हे पटेना. म्हणून फाइल सर्व्हरवर ऑडिटिंग, म्हणजे कोण आलं-गेलं याची नोंद, चालू करायला लावलं. साइटवरून एक बिल टाकलं आणि सिक्युरिटी लॉगमध्ये ५१४५ नंबरची नोंद उघडली. त्यात नाव स्वच्छ होतं. सर खुर्चीतून पुढे झुकले.

‘हा वेब०१ डॉलर कोण? हॅकर आहे का?’

‘नाही सर, आपलाच आहे.’

‘मग डॉलर कशाला?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मायक्रोसॉफ्टने दिलेलं नाव आहे, मी ठेवलेलं नाही.

आता फक्त नाव टाकायचं. सरांनी सिक्युरिटी टॅब उघडून वेब०१ टाइप केलं. उत्तर आलं की या नावाचं कुणी नाही. कारण ती खिडकी मुळात माणसं आणि ग्रुपच शोधते. ऑब्जेक्ट टाइप्स नावाचं बटण दाबून ‘कॉम्प्युटर्स’वर टिक केल्याशिवाय तिच्या लेखी कॉम्प्युटर अस्तित्वातच नसतो. कॉम्प्युटरवरच चालणाऱ्या प्रोग्रामने कॉम्प्युटरला ओळख दाखवू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

नाव सापडलं, पण सरांना थेट नाव द्यायचं नव्हतं. पॉलिसीप्रमाणे ग्रुप करायचा, ग्रुपमध्ये मशीन घालायचं, परमिशन ग्रुपला द्यायची. पॉलिसी चांगलीच आहे. फक्त ग्रुपमध्ये घातलं की झालं, असं नसतं. मशीन आपल्या खिशातलं कर्बेरॉसचं, म्हणजे नेटवर्कवर ओळख पटवणाऱ्या यंत्रणेचं, जुनंच तिकीट दाखवत फिरतं आणि त्या तिकिटावर नव्या ग्रुपचा पत्ता नसतो. हे तिकीट एरवी १० तास चालतं. घाई असेल तर मशीन रीस्टार्ट करा. सर्व्हर रीस्टार्ट करायला मंजुरी लागते, मंजुरीला कारण लागतं, आणि ‘सर्व्हरला तो कोण आहे हे नव्याने कळावं म्हणून’ हे कारण साहेबांनी दोनदा वाचून सही केली.

रीस्टार्ट झाल्यावर बिल गेलं! फोल्डरमध्ये दिसलंसुद्धा, पण नावाच्या शेवटी टीएमपी. साइट आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहिते आणि पूर्ण आली की नाव बदलते. सरांनी ग्रुपला ‘राइट’ दिलं होतं, ‘मॉडिफाय’ नाही. नाव बदलायला विंडोजच्या हिशेबात डिलीटचा अधिकार लागतो आणि तो राइटमध्ये येत नाही. ‘लिहायला मागितलं होतं तुम्ही, पुसायला नाही,’ असं सर म्हणाले. अक्षरशः बरोबर होतं. मॉडिफायच्या चौकोनात टिक पडली आणि अकाउंट्सच्या मॅडमचं नाशिकच्या टॅक्सीचं बिल पहिल्या फटक्यात आपल्या खऱ्या नावाने जागेवर जाऊन बसलं.

राहिलं फक्त तिकीट बंद करणं. हे कर्बेरॉसचं नव्हे, हेल्पडेस्कचं. त्यात ‘कोणाला अडचण होती’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी प्रामाणिकपणे ‘वेब०१$’ लिहिलं. फॉर्मने एम्प्लॉयी कोड मागितला. शेवटी माझाच कोड टाकला. सरांनी उपायाच्या रकान्यात ‘युजरला मार्गदर्शन केले’ लिहून तिकीट बंद केलं, आणि सेवेबद्दल मी कितपत समाधानी आहे हे विचारणारा मेल त्याच मिनिटाला माझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडला.