निळ्या कडेचा टोप

चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, बायकोचा जीव एका इनॅमलच्या टोपावर जडला. पांढराशुभ्र, कडेला निळी रेघ. दुकानदार बाराशे म्हणाला, आम्ही सातशेला उचलला आणि त्यालाच लुबाडल्याच्या आनंदात ग्रँट रोडला लोकल पकडली. बोरिवलीपर्यंत टोप माझ्या मांडीवर. समोरच्याने नुसता गुडघा हलवला तरी मी दचकायचो.

घरी आईने तो हातात घेतला, उलटा केला, खाली ठेवला. आई बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती.

"असल्या भांड्यांतून मी काय काय ओतून टाकलंय, सांगू?"

"नको," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

तिच्या लेखी इनॅमल म्हणजे किडनी ट्रे, पिकदाणी आणि बेडपॅन. सगळ्यांना हीच निळी कड! संध्याकाळी टोपातल्या सोलकढीला ती शिवेना. मग मी शास्त्र काढलं. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड चढवतात, भट्टीत 800 अंशांच्या आसपास भाजतात, ती वितळून पत्र्याला घट्ट धरते. कोकम घाला, चिंच घाला, काच कशालाच दाद देत नाही. पितळेसारखी कल्हईची भानगडच नाही.

"म्हणून तर आमच्याकडे वापरायचे," आई म्हणाली. "कशालाच दाद द्यायचा नाही."

मावशींच्या हातात तारेची घासणी, म्हणून टोप घासायचं काम माझ्याकडे आलं. मऊ स्पंज, कोमट पाणी. एवढ्या हळुवारपणे मी आमच्या मुलालाही कधी आंघोळ घातली नव्हती.

मंगळवारी त्यात फोडणी करपली. मी घाबरून तापलेला टोप तसाच नळाखाली धरला. काच आणि लोखंड सारखं आक्रसत नाहीत, हे शास्त्र मला आवाज आल्यावर आठवलं. टक्! रुपयाएवढा टवका उडाला, खाली काळं लोखंड.

आईने चष्मा लावला, जखमेवरून बोट फिरवलं. "आता यात शिजवायचं नाही. काचेचे कण पोटात जातील. इथे गंजही धरेल." बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवारी मला सणसणून ताप भरला. डोळे उघडले तर पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर टोप, त्यात तळाला थोडं डेटॉलचं पाणी. टवक्याची बाजू भिंतीकडे. आई बऱ्याच वर्षांनी ताठ उभी होती.

"उलटी आली तर यात कर," ती म्हणाली. "लाजू नकोस."