सेरोटोनिन पोट ‘सैल’ करतं? बेडूकमाशाला विचारा

‘शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन पोटात असतं, म्हणजे आनंद पोटातच तयार होतो. ते वाढलं की पोटाचे स्नायू सैल पडतात आणि मन शांत होतं.’ पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या सेरोटोनिन या रेणूबद्दलचा हा संदेश सगळीकडे फिरतो आहे. आकडा ढोबळमानाने बरोबर आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

आधी आनंदाचं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बनवतात ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं वेगळं बनवतो. शिवाय बेडकाच्या भ्रूणात त्वचेवरच्या काही पेशीही सेरोटोनिन सोडतात आणि शेजारच्या पेशींवरच्या केसलांची, म्हणजे सूक्ष्म केसांसारख्या तंतूंची, फडफड त्यावर चालते. तिथे आनंदाचा काय संबंध?

‘स्नायू सैल पडतात’ हे तर अर्धंच सत्य आहे. १९५७ मध्ये औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी उंदराच्या जठरातून कापलेली स्नायूची पट्टी वापरून सेरोटोनिन मोजण्याची पद्धत दिली. ती पट्टी सेरोटोनिनने आकुंचन पावते. दहा वर्षांनी ब्यूलब्रिंग आणि गर्शन या संशोधकांनी दाखवलं, की जठर सैल करणाऱ्या मज्जामार्गातही सेरोटोनिनचा वाटा असतो. दोन्ही खरं आहे. ग्राही, म्हणजे सेरोटोनिन ओळखणारं प्रथिन, थेट स्नायूवर असेल तर एक उत्तर मिळतं, स्नायूला सैल करणाऱ्या चेतापेशीवर असेल तर दुसरं. रेणू तोच असतो, ऐकणारा बदलतो.

आणि हा ऐकणारा आयुष्यभर तोच राहतो, हे संदेशात न बोलता गृहीत धरलं आहे. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. शेवाळ खरवडून खाणारा बेडूकमासा किडे गिळणारा बेडूक होतो, तेव्हा थायरॉइड संप्रेरकाच्या इशाऱ्यावर पचनमार्ग जवळजवळ नव्याने बांधला जातो: आतडं आखडतं, जुनं अस्तर मरतं, स्नायूंचे थर जाड होतात. पचनमार्गातल्या चेतापेशीही मुळात तिथल्या नसतात. त्या भ्रूणाच्या मज्जाशिखेतून, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिथे घडतात तिथल्या कडेच्या पेशींतून, स्थलांतर करून येतात. त्या पोहोचण्याआधी सेरोटोनिनला उत्तर देणारं जठर आणि नंतरचं जठर एकच मानणं मला पटत नाही.

म्हणून वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर जठराची पट्टी नव्याने तपासावी लागते. एकदा नुसतं सेरोटोनिन द्यायचं, एकदा टेट्रोडोटॉक्सिन या विषाने चेतापेशींचे संदेश थांबवून. प्रतिसाद तसाच टिकला तर स्नायू स्वतः ऐकतो आहे, नाहीसा झाला तर तो चेतापेशींमार्फत येत होता.