जक्कयाने पैसे परत केले, पण कधी?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती लोकांची सोय बरी आहे. पाप करायचं, येशूच्या खात्यावर टाकायचं, रविवारी भायखळ्याला उपासनेला जायचं आणि रात्री गाढ झोपायचं. ज्याला बुडवलं तो बसलाय जागा.

टोला जुनाच आहे. देवाची कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात (6:1) स्वतःच काढला आणि "कधीच नाही" म्हणून निकालात काढला. तरीही तसे वागणारे आमच्यात आहेत. बरेचदा पुढच्या बाकावर असतात.

पण लूकच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) 19व्या अध्यायातला जक्कय बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना पिळून गब्बर झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो, आज तुझ्याकडेच उतरायचंय म्हणतो. आधी हिशेब दे, मग येतो, अशी अट नाही. मग हा गडी अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात फसवणुकीची भरपाई मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. चौपट भरायचं ते मेंढरू चोरून कापणाऱ्याने. म्हणजे त्याने स्वतःला चोराचा दर लावून घेतला! घाबरलेला माणूस असं करत नाही, तो वकील गाठतो.

आमच्या चाळीतल्या एका काकांनी भिशीचे पैसे वापरले होते. पुढच्या जिन्यापाशी ज्यांचे पैसे बुडाले त्या मावशींची खोली, म्हणून हे कायम मागच्या जिन्याने. उपासनेतलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, तेही घेत नसत. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एकदा सरळ सांगितलं, क्षमा तुमच्या परतफेडीवर अडलेली नाही. पुढच्या पगाराला काका पाकीट घेऊन मावशींच्या दारात. मग दर महिन्याला. मावशी नोटा मोजून घ्यायच्या, चहा विचारायच्या नाहीत. काकूंचा संताप वेगळाच, मुलांची फी थकलेली.

मत्तयच्या शुभवर्तमानात, 11व्या अध्यायात, "मी तुम्हांला विसावा देईन" म्हटल्यावर येशू लगेच आपलं जू घ्यायला सांगतो. ते मानेवर असतंच. थांबते ती स्वतःला निर्दोष ठरवायची रोजची हमाली.

शांतीसाठी गोराईच्या विपश्यना पॅगोडात जा म्हणालात. जाऊन आलोय, जागा छान आहे. पण काकांचा प्रश्न देणं फेडण्याचा होता.

बुडवलेल्याचं काय, हे मात्र तुम्ही रास्त विचारलंत. आमच्याकडे ते फारसं कुणी विचारत नाही. येत्या रविवारी बायबल वर्गात मांडतो, तुमचं नाव न घेता.