दम कुठे गेला?

जानेवारीत गावी गेलो होतो, अलिबागकडे. मंडळाची एक दिवसाची कबड्डी होती. थंडी पडली की आमच्या भागात शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात असतेच. पाणी मारून चोपलेली माती, चुन्याच्या रेषा, बांबूला बांधलेले हॅलोजन आणि माईकवर एक जण, जो क्षणभर गप्प बसत नाही. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत आमचे अण्णा, वय ७९. गिरणीत होते तेव्हा प्रभादेवीच्या एका मंडळाकडून कोपऱ्यात खेळायचे. दुसऱ्या बाजूला भाची, बारावीतली. ती समोरचा सामना मोबाईलवर बघत होती.

म्हणजे तोच सामना. यूट्यूबवर लाइव्ह होता ना! मोबाईलवरचं चित्र पंधरा-वीस सेकंद मागे. मैदानात पकड झाली की ही मान वर करून ओरडायची, मग खाली बघून तीच पकड पुन्हा. म्हटलं, "अगं, समोर बघ की." तर म्हणते, "मामा, समोर एकदाच दिसतं."

यावर काय बोलणार?

अण्णांचं वेगळंच चाललेलं. "दम कुठे गेला रे? पोरं नुसती तोंडं हलवतायत." आणि खरंच, त्यांच्या काळी चढाई चालायची ती श्वास पुरेल तितकीच. पंच चढाईपटूच्या तोंडाकडे कान लावून उभा. दम सुटला की चढाई फुकट. कुणाचा दम किती घुमतो हे सगळ्या चाळींना पाठ असायचं, आणि समोरची पोरं त्याचा दम संपायची वाट बघत साखळी धरून उभी राहायची. आता घड्याळ आहे. तीस सेकंद. 'कबड्डी, कबड्डी' म्हणायचा नियम अजून आहे, पण डीजेच्या आवाजात ते ऐकतंय कोण? त्यात दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. कारण उघड आहे. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला रिकामी चढाई म्हणजे काहीच न घडणं वाटतं, आणि काही घडलं नाही तर तो चॅनल बदलतो.

पण 'लोकांना हेच हवंय' हे वाक्य मला पटत नाही. २०१४च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली, त्याआधी कोण मागत होतं प्राइम टाइमला कबड्डी? कुणीही नाही. दाखवली, नीट दाखवली, दिवे, कॅमेरे, जवळून दिसणारे चेहरे, आणि त्या वर्षी आयपीएलच्या खालोखाल प्रेक्षक मिळाले. आवड लावावी लागते, चहासारखी. अण्णांना घेऊन मी वरळीला गेलो होतो, मुंबईचा संघ यू मुंबा जयपूरकडून पहिल्याच वर्षीचा अंतिम सामना हरला त्या दिवशी. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तमाशा आहे नुसता." पुढच्या वर्षी स्पर्धा सुरू झाली तेव्हा मात्र रोज संध्याकाळी विचारायचे, "किती वाजता लागते रे ती?"

आणि पैशाबद्दल नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर मिळाले. अण्णांच्या पिढीत कबड्डीवर रेल्वेत नाहीतर बँकेत चिकटलं की आयुष्याचं सोनं झालं म्हणायचे. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार होतो आणि २०२४मध्ये करंडक उचलतो, हे मला मनापासून आवडतं.

सलतं ते दुसरंच. आमच्याकडची पोरं अनवाणी, मातीवर खेळतात. मातीवर पाय सरकतो, मॅटवर तो चिकटतो. वळण, उडी, घोट्याची पकड, सगळ्याचा हिशेब बदलतो. मोठा खेळ मॅटवर, बूट घालून. ज्या गावात मॅट नाही त्या गावचा पोरगा दोन पावलं मागूनच सुरुवात करतो. टीव्हीवर मॅट छान दिसते, माती दिसत नाही, एवढंच.

क्रिकेटमध्ये हे आधी घडून गेलंय. इंग्लंडमध्ये काउंटीचे सामने बघायला लोक का येत नाहीत म्हणून तिथल्या मंडळाने पाहणी केली, लोक म्हणाले वेळ नाही, आणि २००३मध्ये वीस षटकांचा खेळ आला. आपल्याकडे त्याला आधी हसलेच होते. २००७ला जोहान्सबर्गला त्याच्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला पाच धावांनी हरवलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये आयपीएल. तेव्हापासून ऐकतोय, कसोटी मेली, पोरांना धीर नाही.

धीर नाही? २०२५च्या ऑगस्टमध्ये ओव्हल कसोटीच्या पाचव्या दिवशी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, आपल्याला चार बळी. आपल्याकडे दुपारचे साडेतीन. याच भाचीने क्लासला दांडी मारली. मालिकेतली पाचवी कसोटी, पाचही पाचव्या दिवसापर्यंत गेलेल्या. सिराज धावत यायचा, चेंडू सुटायचा, काहीच व्हायचं नाही, आणि ही नखं खात बसलेली. सहा धावांनी जिंकलो. म्हणजे 'काहीच न घडणं' तिला चालतं, ते कशासाठी घडत नाहीये हे कळलं तर. रिकाम्या चढाईतलं कसब तिला कधी कुणी सांगितलंच नाही. माईकवाला तेव्हा प्रायोजकांची नावं वाचत असतो.

बायकांच्या खेळाचं बघा. २ नोव्हेंबर २०२५ला हरमनप्रीतच्या संघाने नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, रात्री बारानंतर आमच्या सोसायटीत फटाके. त्याच महिन्यात २४ तारखेला कबड्डीतल्या आपल्या मुलींनी ढाक्यात चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, हरवून विश्वचषक राखला. त्या दिवशी सोसायटीत साधी लवंगीही वाजली नाही. मी स्वतः दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, तेव्हा माझाही त्यात वाटा आहेच. मुलींची कबड्डी २०१६मध्ये एकदा टीव्हीवर आणली होती, तीन संघ घेऊन. पुढे नाही चालवली. क्रिकेटवाल्यांनी मुलींची लीग २०२३मध्ये आणली आणि चालू ठेवली. मग कुणी म्हणू नका की प्रेक्षकांची आवडच तशी.

माझा अंदाज विचाराल तर तीसचे वीस सेकंद होतील कधीतरी. आणि मला ते अजिबात आवडणार नाही.

असो. त्या रात्रीच्या अंतिम सामन्यात शेवटची दोन मिनिटं राहिलेली, एका संघाकडे एका गुणाची आघाडी. त्यांचा बारकासा पोरगा चढाईला गेला. तिसरी चढाई नव्हती, गुणाची गरज नव्हती. निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडली आणि मग नुसता इकडून तिकडे, डावा कोपरा, उजवा कोपरा, हाताच्या अंतरावर, पण हातात नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. अण्णा मात्र खुर्चीत पुढे सरकलेले. भाचीला म्हणाले, "हा वेळ खातोय, बघ. त्या कोपऱ्यातल्याला भूल देतोय, पाय पुढे ठेवतो आणि वजन मागच्या पायावर."

"कुठे? मला नाही दिसलं."

पोरगा मध्यरेषेला परत आला. वीसेक सेकंदांनी तोच पोरगा मोबाईलवर निघाला चढाईला. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि तिच्या हातातला मोबाईल स्वतःकडे वळवला.

"हां, इथे नाही. मागे घे जरा. अजून. आता थांबव... पाय बघ त्याचा."