पोरांनी स्वतःसाठी घडवलेले शब्द

नायजेरियातल्या तरुणांच्या तोंडी एक योरुबा शब्द बसलाय: जापा. म्हणजे पळ काढणं, निसटणं. नर्सिंग झालं, डॉक्टरकी झाली, सॉफ्टवेअर शिकून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, जापा कधी? दक्षिण कोरियात 'सामपो' म्हणतात. प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींवर पाणी सोडलेली पिढी. पुढे त्यात स्वतःचं घर आलं, मग नातीगोती आली, आणि शेवटी मोजणंच सोडून पोरं 'एन-पो' म्हणायला लागली. चीनमध्ये २०२१ साली 'तांगपिंग' पसरला, म्हणजे सरळ आडवं पडून राहणं. अल्जीरिया-ट्युनिशियातून मिळेल त्या बोटीत बसून भूमध्य समुद्र ओलांडणारे 'हर्रागा', जाळणारे. परत पाठवू नये म्हणून ओळखीचे कागद जाळून निघणारे.

बरेच दिवस मी हे शब्द गोळा करतेय. तरुणांना भविष्याबद्दल काय वाटतं यावर जगभर पाहण्या होतात, त्याही वाचते. पण हे शब्द मला जास्त खरे वाटतात. कुणी प्रश्न विचारला म्हणून दिलेलं उत्तर नाही ते. आपल्या आयुष्याला काय म्हणायचं, हे पोरांनी आपापसात ठरवलंय.

स्पेनचा शब्द मनाला सगळ्यात जास्त लागला. २००५ साली एका तरुणीने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि त्यातून 'मिलेउरिस्ता' हा शब्द आला. पदव्या आहेत, दोन-तीन भाषा येतात, आणि पगार महिना हजार युरो. ती तक्रार होती. मग २००८ ची मंदी आली. २०१३ मध्ये स्पेनमधल्या पंचविशीखालच्या तरुणांचा बेकारीचा दर पन्नास टक्क्यांच्या वर होता. तेव्हा तेच हजार युरो मिळाले तरी नशीब, असं म्हणायची वेळ आली. आठ वर्षांत एका पिढीच्या तक्रारीचं स्वप्न झालं. यावर 'आजकालची मुलं समाधानी नसतात' असं कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आशा ही स्वभावातली गोष्ट नाही. पुढची पायरी दिसली की माणूस पाय उचलतो. २०२१ मध्ये युनिसेफ आणि गॅलपने २१ देशांत पाहणी केली होती. आई-वडिलांपेक्षा मुलांची परिस्थिती बरी असेल, असं गरीब देशांतल्या तरुणांना जास्त वाटत होतं आणि श्रीमंत देशांतल्यांना कमी. यात नवल ते काय? ज्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिलीच मुलगी आहे, तिला उद्या आजपेक्षा मोठा दिसणारच. कोरियातल्या आई-वडिलांनी गरिबीतून वर येत एका जन्मात देश बदलताना पाहिला. मुलांच्या वाट्याला आली ती वरच्या चार जागांसाठीची जीवघेणी परीक्षा.

मात्र या आकड्यांवरून 'बघा, गरीब असून किती आनंदी' असं कौतुक करणाऱ्यांची मला भीती वाटते. त्या आशेच्या बदल्यात मुलांच्या हातात काय पडतं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या हिशेबात जगातल्या १५ ते २४ वयाच्या दर पाच जणांतला एक जण ना शिकत होता, ना काम करत होता, ना काही प्रशिक्षण घेत होता. अशा तिघांत दोन मुली. अफगाणिस्तानात तर २०२१ पासून सहावीनंतरची शाळाच मुलींना बंद आहे. पायरी दिसत नाही असं नाही तिथे, पायरी काढून टाकलीय.

आणि मुलं रस्त्यावर आली की आपण घाबरतो. केनियात जून २०२४ मध्ये नव्या करांच्या विधेयकाविरुद्ध तरुण उतरले, गोळीबारात माणसं गेली, आणि अध्यक्षांना ते विधेयक मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी बांगलादेश, पुढच्या वर्षी नेपाळ, मोरोक्को, मादागास्कर. मला या गर्दीत निराशा दिसत नाही. ज्याला काही बदलेल असं वाटतच नाही तो पोलिसांसमोर उभा राहत नाही, तो खोलीचं दार लावून घेतो. मला काळजी त्या बंद दाराची वाटते. (सगळ्या आंदोलनांचं पुढे भलं होतं असं मी म्हणत नाहीये. चिलीत २०१९ च्या उद्रेकानंतर नव्या राज्यघटनेचे दोन मसुदे आले, लोकांनी मतदानात दोन्ही नाकारले.)

आता प्रशांत महासागरातली एक गोष्ट, जी मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. बेटांवरची पोरं, हाती ना पैसा ना सैन्य. वानुआतूच्या सरकारने त्यांचा मुद्दा उचलला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव मंजूर केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयाने मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न येऊ शकतो. हे मत बंधनकारक नाही, मला माहीत आहे. तरी वर्गात सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत तिथवर पोचली.

त्याच जुलैत, त्याच महासागरातल्या, चढत्या समुद्राच्या भीतीत जगणाऱ्या तुवालू या बेटांच्या देशात ऑस्ट्रेलियात राहायला जाण्याच्या नव्या व्हिसासाठी पहिल्यांदाच नावं नोंदवणं चालू होतं. देशाची लोकसंख्या जेमतेम अकरा हजार, नोंदणीत कुटुंबीयांसह त्यातली निम्म्याहून जास्त माणसं. वर्षाला जागा २८०.