दरबार हॉल, चितारी आणि तुमची तक्रार

सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, जगवल्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "चित्रं काढतो चितारी आणि कौतुक राजवाड्याचं. टीव्हीवाले मुलाखतीला जातात तेव्हा कॅमेरा सिंहासनाकडे, कारागिराचे नुसते हात दिसतात. तुम्हीही तेच केलंत. ज्यांच्या राज्यात गंजिफा मरणाला टेकली, त्यांनाच ती वाचवल्याचं श्रेय?"

हातांबद्दलचं म्हणणं निमूट मान्य. लेख परत वाचला. गंजिफा रंगवणाऱ्या पुंडलिक चितारींवर एकच ओळ आहे, तीही जाता जाता. राजवाड्याच्या कमानींवर मात्र अख्खा परिच्छेद. लाज वाटली.

राज्याच्या मुद्द्यावर मात्र भांडणार. शिवरामराजे 1937 साली गादीवर आले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते आणि 1948 मध्ये संस्थान विलीनही झालं. राज्य करायला मिळालंच कुठे? पुढे आमदार झाले ते मतं मागून. गंजिफाला मारलं छापील पत्त्यांनी. बावन्न पानांचा कॅट चार पैशांत मिळू लागल्यावर हाताने रंगवलेली 120 गोल पानं कोण घेणार? कापडाला चिंचोक्याची खळ लावायची, थरावर थर चढवायचे, खडूचा लेप, मग घोटाई, मग रंग आणि शेवटी लाख. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा आणि प्रधान धरून. चितारी मंडळी पांगाऱ्याच्या खेळण्यांकडे आणि लाकडी फळांकडे वळली यात नवल नाही. पोट त्यावर भरत होतं. चितारआळीत आजही आधी तीच केळी-आंबे दिसतात.

अशा वेळी संस्थान गेलेल्या या जोडप्याने काय केलं? देणगी देऊन मोकळे झाले असते तरी नाव झालंच असतं. हे दोघे म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून स्वतः शिकले, मग तरुण मुलांना बोलावून राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कामाला बसवलं. बडोद्याच्या राजघराण्यातून आलेली राणी कुंचला घेऊन कारागिराकडे शिकते, हे मला अजूनही मोठं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत, तर तिथे आपलं जमायचं नाही. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, त्यानंतरही राणीसाहेबांनी 2018 पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, हे सोडलं नाही. मुलाखतीपुरता छंद एवढा टिकत नाही हो.

खरं तर जो आक्षेप घ्यायला हवा होता तो तुम्ही घेतलाच नाहीत. गंजिफा जगली, पण खेळायची राहिली. पर्यटक तिचा रंगीत डबा नेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. चितारीच्या हाताला काम मिळतं, हे खरंच. पण पानं पिसताना होणारा आवाज माहीत असलेला माणूस तुमच्या ओळखीत आहे का? दोष राजवाड्याला कितपत द्यायचा, याचा निकाल माझ्याच्याने लागत नाही. खेळायला माणसं राजवाड्याने कुठून आणायची?

आम्ही एकदा प्रयत्न केला. मी, आत्या आणि तिचा शेजारी, कारण डावाला तिघं लागतात. प्रत्येक अवतार हा एक रंग; पाच रंगांत राजा-प्रधानाखालोखाल दहावं पान मोठं, उरलेल्या पाचांत एक्का. कुठले पाच, यावर दोनदा चहा झाला. मग पहिली उतारी कोणाची? दिवसा ज्याच्याकडे राम त्याची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची. राम माझ्याकडे आला होता, कृष्ण आत्याकडे. दिवेलागण झाली की नाही, यावर ती अजून माझ्याशी भांडते.