अखेर स्ट्रोक्स!

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदाची बातमी टाकण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाचून पाहावी, एवढे शहाणपण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तरी मला यायला हरकत नव्हती. ते आले नाही. 2022 सालच्या डिसेंबरातल्या एका रात्री, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात सगळे झोपलेले असताना, माझ्या आवडत्या बँडच्या कार्यक्रमाचे तिकीट पक्के झाल्याचा संदेश मी तीनदा वाचला आणि त्याच भरात ग्रुपवर लिहिले, "अखेर स्ट्रोक्स! बावीस वर्षे वाट पाहिली." वस्तुतः एकवीस वर्षे आणि काही महिने झाले होते, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब तपासण्यात हयात चालली असूनही मी तो आकडा वर ओढला. संदेशापुढे जे चिन्ह टाकले ते आनंदाश्रूंचे आहे असा माझा समज होता. चष्मा लावलेला नसल्यामुळे तेही नुसत्याच अश्रूंचे निघाले.

डोंबिवलीची मावशी त्या वेळी जागी होती. मावशी कायमच जागी असते. "कोणती बाजू?" असे तिने विचारले. स्टेजच्या डाव्या बाजूला गर्दी कमी असते असे माझ्या मित्राने मला बजावून ठेवले होते, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता योग्यच नव्हे तर जाणकाराचा वाटला, आणि आयुष्यभर भजनी मंडळात रमलेल्या मावशीविषयी माझ्या मनात नवाच आदर उत्पन्न झाला. मी लिहिले, "डावी. पण चार-पाच तास उभे राहता आले पाहिजे, गुडघ्यांचा भरवसा नाही." त्यावर "हळूहळू जमेल, धीर सोडू नकोस" असे उत्तर आले. मी धीर न सोडता झोपलो.

सकाळी सहाला जाग आली ती आईने माझ्या नाकापुढे धरलेल्या बोटांमुळे. मी डोळे उघडलेले पाहून ती म्हणाली, "हात वर कर." मी केला. "आता दुसरा." तोही केला. "हस बघू." पहाटे सहा वाजता, अर्धवट पांघरुणात, दोन्ही हात वर करून आईकडे पाहून हसण्याचा प्रसंग माझ्यावर बाळपणानंतर प्रथमच येत होता. चेहरा वाकडा होतो का, हात खाली पडतो का आणि बोलणे अडखळते का, या तीन गोष्टी पक्षाघाताच्या, म्हणजेच इंग्रजीतल्या स्ट्रोकच्या, संशयात आधी पाहायच्या असतात हे तिने वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीतून पाठ केलेले होते, आणि ते अगदी बरोबर असल्यामुळे तिला नावे ठेवायचीही सोय नव्हती. बायको चहाचे गाळणे हातात घेऊन दारात उभी राहून हे पाहत होती. तिला सगळे ठाऊक होते आणि तरीही ती मुद्दामच गप्प राहिली, असे माझे मत आजही कायम आहे.

साडेसातला दुसऱ्या मजल्यावरचे काका अर्धा डझन मोसंबी घेऊन आले. मला स्वतःच्या पायांनी दार उघडताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, त्यात आनंदापेक्षा हिरमोडच अधिक होता असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मोसंबी परत नेताना त्यांनी पिशवीतली फळे मोजली, एवढे मी पाहिले.

मग आईला समजावून सांगणे आले. स्ट्रोक्स हे न्यूयॉर्कमधल्या पाच जणांच्या रॉक बँडचे नाव आहे, तो 1998 साली स्थापन झाला, असे मी सुरू केले, तोच ती म्हणाली, "पाचही जणांना?" मी म्हणालो, अगं, आजार नव्हे, नाव. "असलं नाव घरच्यांनी ठेवू कसं दिलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते कुठे येणार आहेत, हे सांगताना तर प्रकरण अधिकच बिघडले. लोलापलूझा नावाचा संगीत महोत्सव अमेरिकेत 1991 साली सुरू झाला आणि आशियात प्रथमच तो 28 आणि 29 जानेवारीला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरणार होता. आईचे माहेर सांगली जिल्ह्यातले. तिने त्या लांबलचक शब्दातून नेमका ओळखीचा तुकडा उचलला आणि म्हणाली, "पलूसला? पलूसला आता कसली जत्रा?" तिने तिकडच्या मामेभावाला फोन करून खात्रीही करून घेतली. द्राक्षबागांच्या कामांतून कोणाला मान वर करायला सवड नाही आणि असला काही कार्यक्रम पंचक्रोशीत नाही, असा निर्वाळा मिळाल्यावर मला कोणीतरी फसवले आहे असे तिचे ठाम मत झाले.

माझ्या या बँडला इंडी रॉक म्हणतात, हे सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांच्या आधारावाचून आपली गाणी आपण काढणाऱ्यांचे संगीत. आपल्याकडे दादरच्या छबिलदास शाळेतल्या सभागृहात एके काळी जी प्रायोगिक नाटके होत असत, त्यांचेच हे विलायती भावंड समजावे: प्रेक्षक थोडे, पण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःविषयी आदर फार. स्ट्रोक्सचा पहिला अल्बम अमेरिकेत एका मोठ्या कंपनीनेच काढला होता हे खरे आहे, परंतु चाहत्यांच्या मैफलीत ते बोलून दाखवायचे नसते.

तो अल्बम 2001 सालचा. त्या काळी मी काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये दर शनिवारी जात असे आणि सीडी उचलून, उलटून, किंमत पाहून पुन्हा जागच्या जागी ठेवत असे. (ते दुकान 2016 साली बंद झाले, माझ्यासारख्या गिऱ्हाइकांचा त्यात वाटा असणार.) स्ट्रोक्सची माझी सीडी मात्र एका मित्राने संगणकावर जाळून, म्हणजे नक्कल उतरवून, दिलेली होती. "सीडी जाळून घेतली, वीस रुपये दिले," असे मी घरी सांगितल्यावर वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारले होते, "जाळायचे पैसे?" त्या सीडीवर मार्करने "स्ट्रोक्स + कॉस्टिंगच्या नोट्स" असे लिहिलेले होते, आणि दोन्ही गोष्टी खरोखरच तीत होत्या.

अकरा गाणी, अवघी छत्तीस मिनिटे. ठाण्याहून सुटलेली जलद लोकल भायखळा सोडेपर्यंत अकरावे गाणे संपत असे, आणि सीएसटीपर्यंतच्या उरलेल्या वेळात पहिली तीन पुन्हा ऐकून होत. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात डिस्कमॅन पोटाशी धरलेला, एक पाय स्वतःचा आणि एक बहुधा दुसऱ्याच्या पायावर, अशा अवस्थेत ते दोन गिटारींचे एकमेकींत गुंतणे मी दोन वर्षे ऐकले. न्यूयॉर्कच्या रात्रीविषयीचे ते संगीत माझ्या डोक्यात आजही मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग या क्रमानेच उलगडते.

अशा माणसाला आनंद झाला तर त्याने तो सांगावा कोणाला? कारखान्यातल्या सहकाऱ्यांना सांगून पाहिले; त्यांनी "उभं राहून बघायचं? बसायला खुर्ची नाही?" असे विचारले आणि मी नाही म्हटल्यावर तिकीट परत करता येते का याची आपसांत चौकशी केली. ठाणेकर रसिक आहे, गडकरी रंगायतनात नाट्यगीताला वन्स मोअर देऊन नटाचा घसा बसवण्याची त्याची तयारी असते. पण ते सर्व बसून, आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळणार या हमीवर. शिवाय आपल्याकडे अत्यानंदालाही "बरं झालं होतं हो" यापलीकडे शब्द नाही.

शेवटी वाली सापडला तो चौथ्या मजल्यावर. तिथला इंजिनिअरिंगचा मुलगा लिफ्टमध्ये माझ्या फोनच्या पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, तुम्ही स्ट्रोक्स ऐकता?" या वाक्यातले "काका" आणि "स्ट्रोक्स" हे शब्द आजवर एकमेकांना भेटले नसावेत असा त्याचा स्वर होता. मी ऐकतो म्हटल्यावर त्याने लिफ्टचे दार धरून ठेवून माझी तोंडी परीक्षा घेतली. पहिल्या अल्बममधले कोणते गाणे अमेरिकेतल्या सीडीवरून काढून टाकले? न्यूयॉर्कच्या पोलिसांची टिंगल करणारे, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, मी म्हणालो. 2021 साली ग्रॅमी कोणत्या अल्बमला मिळाले? हेही आले. "आणि काका, तुमच्याकडे कव्हर कुठलं होतं? अमेरिकेतलं वेगळं होतं आणि बाहेरचं वेगळं." इथे मी अडकलो. कॉस्टिंगच्या नोट्सचा उल्लेख करण्याचे धैर्य मला झाले नाही. तळमजल्यावर खोळंबलेल्या आजींनी तेवढ्यात खालून हाक मारली म्हणून मी वाचलो.

मग आमचा तिघांचा ग्रुप झाला: मी, हा मुलगा, आणि ती सीडी जाळणारा माझा मित्र, जो आता पनवेलला राहतो आणि मधुमेहाच्या गोळ्या घेतो. त्या ग्रुपवर दीड महिन्यात जे लिहिले गेले त्यात मजकूर असा नव्हताच. मुलगा पहाटे दोनला "बत्तीस दिवस!!" असे लिहायचा, मित्र सकाळी सहाला "एकतीस" असे दुरुस्त करायचा, मी वर्षअखेरीच्या ताळेबंदाखाली फोन लपवून दोघांना अंगठा दाखवायचा. पहिले गाणे कोणते असेल यावर मुलाने एकदा साडेचारशे शब्दांचा निबंध लिहिला. मित्राने त्यावर "कोणतेही असो, बसायला मिळेल का?" एवढेच विचारले, तेव्हा मुलगा दोन दिवस ग्रुपवर बोलला नाही. तरीही, खोटे कशाला सांगू, इतकी निरर्थक आणि इतकी सुखाची बडबड मी कॉलेजनंतर केली नव्हती.

29 जानेवारीला रविवार होता, आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशाला रविवार या शब्दापाठोपाठ मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, हा शब्द आपोआप ऐकू येतो. त्या धास्तीने आम्ही इतके लवकर निघालो, की दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरलो तेव्हा ऊन अजून डोक्यावर होते. बायकोने दशम्या आणि लसणाची चटणी दिली होती. ती आत नेऊ देणार नाहीत असे मुलाने सांगितल्यामुळे, खाली धोबीघाटावर वाळणाऱ्या चादरींकडे पाहत, पुलावर उभ्या उभ्याच आम्ही ती संपवली. शेजारून निळ्या केसांची, फाटक्या जीन्समधली मुले-मुली वाहत होती. त्यांतल्या एकीने चटणीच्या वासाने वळून पाहिले. मित्राने तिला दशमी देऊ केली आणि तिने ती घेतली.

आत काय घडले हे विचाराल तर मला प्रामुख्याने डोकी दिसली. डोकी, त्यांवर उंचावलेले फोन, त्या फोनांच्या पडद्यांवर अंगठ्याएवढा बँड. स्ट्रोक्स त्या रात्रीचे शेवटचे होते, त्यामुळे तोवर चार तास उभे राहून झाले होते आणि मित्राने दोनदा खाली बसून खिशातली बिस्किटे खाल्ली होती. परंतु गिटारीचा पहिला स्वर निघाला मात्र, आणि माझ्या आत काहीतरी ठाण्याहून सुटले. शेजारी माझ्याच वयाचा, माझ्याच घेराचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला एक अनोळखी गृहस्थ होता. दोन गाण्यांच्या मध्ये तो माझ्या कानाशी ओरडला, "पहिली सीडी कुठून घेतली होती?" मी ओरडलो, "जाळलेली!" "माझीही!" असे म्हणून त्याने मला मिठी मारली. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या मुलाने हे पाहिले आणि लाजून थोडा पुढे सरकला. पुढच्या गाण्याला तोच ढसाढसा रडत होता, तेव्हा मी मागे सरकलो.

उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवावेत हा 2000 सालच्या नियमांमधला दंडक नवरात्रातल्या गरब्यामुळे ठाण्यात पोराबाळांनाही पाठ आहे. जगभरच्या रात्री जागवणारे संगीत आमच्याकडे जेवणखाणाच्या वेळेस आटोपते, ही माझ्या वयाला सोयीची गोष्ट होती हे मी मुलापुढे कबूल केले नाही. हजारो माणसे एकाच वेळी महालक्ष्मी स्टेशनाच्या जिन्याकडे निघाली होती. दादरला मित्र वडाळ्याच्या दिशेने टॅक्सी शोधायला गेला आणि आम्ही दोघे ठाण्याच्या गाडीत चढलो. मुलगा कुर्ल्याच्या आधीच झोपला. माझ्या कानांत एक बारीक शिट्टी सारखी वाजत होती.

घराच्या जिन्याशी पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. लिफ्ट बंद. डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय ओढत, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर काकांनी दार उघडले. "काय हो, बरे आहात ना?" असे त्यांनी विचारले असावे, शिट्टीमुळे मला नीट ऐकू आले नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडले तर घशातून आवाजच निघेना. तेव्हा काळजी नको हे सुचवण्यासाठी मी हसलो आणि हात वर केला. कठडा सुटू नये म्हणून एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो, तेव्हा ओट्यावर मोसंबी ठेवलेली होती. या वेळी पूर्ण डझन. आई त्यांचा रस काढत होती.

"काका देऊन गेले," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही. फळं चांगली आहेत."